खोटा पूर आणि खोटा तात्याबा

माझ्या घराच्या वरच्या खोलीत एक मुलगी राहते आणि ती पूर तयार करते. हे मी शेजारच्या बायकांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मी पुढचं बोलायचं सोडूनच दिलं. सांगलीत पुराची थट्टा चालत नाही. पण मी थट्टा करत नव्हते. शिवांजली खरोखरच पूर तयार करते, आणि त्याचा तिला पगार मिळतो.

ती आली दिवाळीच्या आधी, एक बॅग, एक वळकटी आणि बाजरीच्या पिठाचा डबा घेऊन. गाव वडूज. शिक्षण कऱ्हाडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. सोडायला वडील आले होते, आकाराम, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. त्यांनी माझं घर असं तपासलं की जणू इथं अख्खी पलटण उतरायची आहे. शेवटी विचारलं, "पानी किती वेळ येतं?"

"दिवसभर," मी म्हटलं.

त्यांना ते पटेना. स्वतः नळ सोडून बघितला आणि मग इतका घट्ट बंद केला की संध्याकाळी मला तो उघडेना.

मी लीलाबाई. सगळी नोकरी सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजात केली, कानाला हेडफोन लावून. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची मला सवय आहे आणि ती मी लपवत नाही. त्यामुळे एकदा जिन्यात शिवांजलीचं मोबाइलवरचं बोलणं कानावर आलं, "अजून नीट खोटं बोलत नाहीये तो, त्याला उद्या मी शिकवते," तेव्हा मी भाजी तशीच गॅसवर ठेवून वर गेले.

"कोणाला खोटं बोलायला शिकवतेस गं?"

"सर्व्हरला, मावशी," ती हसून म्हणाली.

मग मी तिला खाली आणून चहा दिला आणि सगळं विचारून घेतलं. हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामावर तिचं ऑफिस आहे. तिथली माणसं संध्याकाळी घरी जातात ती हळदीचा वास घेऊनच. मालक सौमित्र, सांगलीचाच, मुलगा भला, फक्त घाईचा. शिवांजलीचं काम टेस्टिंगचं.

"म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या," ती म्हणाली.

"म्हणजे सासूचं काम."

"हो. पण पगारी."

ऑफिसनं पुराच्या सूचनेची एक व्यवस्था केली होती. नदीवर पाण्याची उंची मोजणारं यंत्र आहे, त्याचा आकडा एका सर्व्हरवर येतो. सौमित्रचा प्रोग्रॅम त्या सर्व्हरला सारखा विचारत राहतो, पाणी किती? पाणी वाढलं की तो फोन लावणाऱ्या एका कंपनीच्या सर्व्हरला सांगतो, नदीकाठच्या या या घरांना फोन लाव. फोन लागला की रेकॉर्ड केलेला आवाज निरोप सांगतो, ऐकणाऱ्यानं 'होय' म्हणायचं. 'होय' आलं की ते घर ऑफिसच्या पडद्यावर हिरवं होतं. म्हणजे निरोप पोचला, माणूस निघाला, काळजी नको.

त्या घरांमध्ये एक घर माझ्या थोरल्या भावाचं आहे. तात्याबा त्याचं नाव. म्हणून तर मी इतकी खोदून विचारत होते.

मागच्या मोठ्या पुरात तात्याबा मळीवर होता. मळी म्हणजे आमच्या गावची नदीलगतची सखल जमीन, ऊस असा वाढतो की माणूस दिसू नये. वहिनी गेल्यापासून तो तिथंच गोठ्याशेजारी एकटा राहतो, दोन म्हशींच्या संगतीत. त्या दिवशी गावातून किती जणांनी त्याला फोन केले. सगळ्यांना तो म्हणाला, "व्हय." मग सगळे निर्धास्त झाले. तात्याबाला सांगितलंय, तो निघालाय. आणि तात्याबा निघालाच नव्हता. बोटवाल्यांना सापडला तेव्हा तो गोठ्याच्या पत्र्यावर बसला होता, एका म्हशीचं दावं कापून तिला पोहायला सोडलं होतं, आणि दुसरीची गाठ पाण्यानं फुगली ती सुटली नव्हती. विळा हातातून वाहून गेला होता. ती म्हैस त्याच्या डोळ्यांदेखत गेली. त्याला आजही विचारा, तो म्हणेल, "मला कुनी सांगितलंच न्हाई." लोक त्याला खोटारडा म्हणतात. मला कळत नाही, माणूस आपल्या म्हशीच्या मरणाबद्दल खोटं कशाला बोलेल.

तर शिवांजलीपुढचा प्रश्न असा, की पुराची व्यवस्था चालते की नाही हे बघायचं कसं? धरणवाल्यांना तर सांगता येत नाही, जरा दरवाजे उघडा, आम्हाला टेस्टिंग करायचंय. तिच्या आधीच्या माणसानं धाडस केलं होतं. त्यानं चालू व्यवस्थेतच पाण्याचा आकडा बदलून बघितला, आणि आदल्या वर्षी भर थंडीत नदीकाठच्या घरांमध्ये खरेखुरे फोन वाजले. लोकांनी धान्य माळ्यावर चढवलं. दुपारी लख्ख ऊन बघून शिव्या घालत उतरवलं. तो माणूस ऑफिस सोडून गेला. लांडगा आला रे आला ही गोष्ट त्याला लहानपणी कुणी सांगितली नसावी.

शिवांजलीनं आल्याआल्या मध्ये एक प्रॉक्सी बसवला.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"मध्ये बसणारा. प्रोग्रॅमला वाटतं, आपण थेट सर्व्हरशी बोलतोय. पण त्याचा प्रत्येक प्रश्न माझ्या प्रॉक्सीतून जातो आणि प्रत्येक उत्तर प्रॉक्सीतून परत येतं. पहिले काही दिवस मी नुसती ऐकते. यानं कसं विचारलं, त्यानं कसं सांगितलं, सगळं नोंदवून घेते. पुरेसं ऐकून झालं की खऱ्या सर्व्हरला सुट्टी. मग प्रॉक्सीला सांगायचं, आता तूच उत्तर दे, अगदी त्याच्यासारखं. त्याला व्हर्च्युअल सर्व्हिस म्हणतात. प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही की पलीकडे कोणी नाही."

मी चहाचा कप खाली ठेवला. अहो, हे तर मला माहीत होतं! एक्स्चेंजात नवीन पोरींना शिकवताना आमच्या अनसूयाबाई शेजारच्या खोलीत बसायच्या आणि बोर्डावर आम्हाला वाटायचं, बेळगाव बोलतंय. "हॅलो सांगली, बेळगाव हियर," असं म्हणायच्या, मध्येच कानडी झाडायच्या, कधी चिडलेलं गिऱ्हाईक व्हायच्या. एकदा त्यांनी मला इतकं झापलं की मी बेळगावला मनातल्या मनात शाप दिला, आणि दुपारी डबा खाताना कळलं की बेळगाव माझ्याच डब्यातलं लोणचं खातंय.

"म्हणजे अनसूयाबाई व्हर्च्युअल सर्व्हिस होत्या!" शिवांजली टाळी देत म्हणाली. त्या दिवसापासून आमचं जमलं.

तिचा पहिला खोटा पूर तिनं मला लॅपटॉपवर दाखवला. पाण्याची रेघ जमिनीलगत, मग एकदम उभी वर, मग तशीच धाडकन खाली. मला हसू आवरेना.

"हा कुठला पूर?"

"का? असाच येतो ना? आमच्या येरळा नदीला असाच येतो. आवाज येतो आधी. लोंढा येतो, पोरं पुलावर बघायला पळतात, आणि सकाळी बघावं तर परत वाळू."

दुष्काळातली पोर. तिच्या कल्पनेतला पूरसुद्धा वडूजचा होता, घाईघाईनं येऊन जाणारा, पाव्हण्यासारखा. मी तिला म्हटलं, बाई, कृष्णेचा पूर पळत येत नाही. तो चिकट असतो. पाऊस वर घाटात पडतो, इथं ऊन पडलेलं असतं, आणि त्या उन्हात पाणी बोटाबोटानं चढतं. समोरून येत नाही, मागच्या ओढ्यातून येतं. आणि आला की जायचं नाव घेत नाही.

त्यावर तिला जो नाद लागला तो विचारू नका. रिक्षावाला, दूधवाला, भाजीवाली, दिसेल त्याला विचारत सुटली, तुमच्याकडे पाणी आधी कुठं आलं, किती वेळानं पायरी बुडाली, मुंग्या कधी निघाल्या. सांगलीकराला पुराचं विचारलं की तो बसूनच घेतो. भाजी आणायला गेलेली ती दुपारी परत यायची, भाजी विसरून. आणि मग तिनं दुसरा पूर केला, सांगलीचा, मुंगीच्या पावलानं चढणारा. तो प्रोग्रॅमला खायला घातला, तर प्रोग्रॅमनं एकही फोन लावला नाही! पाणी एकदम उडी मारेल तेव्हाच ओरडायचं, असं त्याला शिकवलेलं होतं. हळूहळू चढलेल्या पाण्यानं पूल बुडाला तरी तो आपला गप्प. ऑफिसात ज्यानं तो लिहिला तोही बहुधा माळरानावरचाच असणार. सौमित्रनं कपाळाला हात लावला आणि ते दुरुस्त केलं. मला तेव्हा वाटलं, चला, आता माझ्या भावाला फोन जाईल.

उन्हाळा लागला तसा एका रविवारी मी माहेरी निघाले. शिवांजली म्हणाली, मीही येते, मला ती मळी बघायची आहे.

तात्याबा गोठ्यासमोर वैरण टाकत होता. मी तिची ओळख करून दिली.

"वडूजची? म्हंजे बिनपान्याची," तो म्हणाला. "आवं, तुमच्याकडं पाव्हन्याला तांब्याभर पानी दिलं की लगीन ठरलं म्हनं."

"व्हय तात्या. आनि तुमच्याकडं पाव्हना पान्यातनंच येतो म्हनं," शिवांजली म्हणाली. माझ्यासमोर इतकं शुद्ध बोलणारी पोरगी मळीवर पाय पडताच अशी बोलायला लागली.

तात्याबा खूश. त्यानं सांगितलं, एका दुष्काळात खटावाकडची, म्हणजे वडूजच्याच बाजूची माणसं जनावरं जगवायला इकडं नदीकाठी घेऊन आली होती, त्यातली एक गाय त्याच्याच दावणीला उन्हाळाभर होती. "पाऊस पडल्यावर न्हेली. जाताना गाय रडत हुती." शिवांजली म्हशींजवळ जाऊन उभी राहिली. त्यांच्या दाव्याला सुरगाठ होती, एका ओढीत सुटणारी. तिनं ती बोटानं नुसती चाचपली. तिला मी सगळं सांगितलेलं होतं.

मग ती म्हणाली, "तात्या, एक गंमत करू? तुमाला आमच्या ऑफिसातनं फोन येईल. खरा पूर न्हाई, नुसतं बगायचं हाय. घ्या आनि ऐका."

ऑफिसात बसलेल्या सौमित्रला तिनं मेसेज केला. तात्याबाचा फोन वाजला. त्यानं कानाला लावला, नदीकडे बघत ऐकलं, म्हणाला, "व्हय." थोडं थांबून पुन्हा म्हणाला, "व्हय." आणि फोन ठेवला.

शिवांजलीच्या मोबाइलवर सौमित्रचा मेसेज आला, हिरवं! 'व्हय' पण ओळखलं बघ आपल्या सिस्टीमनं! या गोष्टीचा सौमित्रला फार अभिमान होता. बाहेरच्या कंपनीचं यंत्र फक्त 'होय' आणि 'हो' ओळखायचं. आपल्याकडची माणसं तसं कुठं बोलतात, म्हणून त्यानं मुद्दाम पदरमोड करून 'व्हय' घालून घेतलं होतं.

"काय सांगितलं तात्या फोननं?" शिवांजलीनं विचारलं.

"कुनास ठावं," तात्याबा म्हणाला. "कोन बाई बोलत हुती शाळंतल्यावानी. म्या व्हय म्हनलं. गप बसली."

शिवांजली आधी खळखळून हसली. मग तिचं हसू मध्येच थांबलं, आणि ती माझ्याकडे बघत राहिली. मीही तिच्याकडे. आमच्या दोघींच्या एकदमच ध्यानात आलं. तात्याबा खोटारडा नव्हता. त्याला खरोखरच कुणी सांगितलेलं नव्हतं, कारण त्यानं ऐकलंच नव्हतं. आमच्याकडे फोनवर 'व्हय' म्हणजे 'होय' नव्हे. 'व्हय' म्हणजे तू बोल, मी फोन धरलाय. त्याला ऐकू येतं चांगलं, ऐकून मात्र घेत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. आणि आता एक यंत्र त्या पालथ्या घड्याला हिरवा रंग देणार होतं.

परतीच्या एसटीत ती एकच वाक्य बोलली. "मावशी, आधीचं यंत्र 'व्हय' ओळखत नव्हतं ना, तेच बरं होतं. घर हिरवं झालं नसतं, निदान कुणी माणूस तरी पाठवला असता."

पुढचं मला सौमित्रनंच नंतर सांगितलं, स्वतःवर हसत. शिवांजलीनं ऑफिसात जाऊन प्रॉक्सीत एक खोटा तात्याबा बसवला. तात्याबाचा त्या दिवशीचा आवाज नोंदला गेला होताच. फोन कंपनीच्या सर्व्हरच्या जागी तिचा प्रॉक्सी उत्तर देऊ लागला, आणि कुठल्याही घराला फोन लावला की पलीकडे तात्याबा. निरोप काहीही असो, उत्तर "व्हय." तिनं सौमित्रला म्हटलं, हवं ते विचारा. सौमित्रनं आवाज रेकॉर्ड केला, तुम्हाला हा निरोप कळला नसेल तर होय म्हणा. "व्हय." हिरवं. तुमचं नाव नेपोलियन आहे का? "व्हय." हिरवं. शेवटी तिनं निरोपच काढून टाकला. कोरा फोन, नुसती शांतता. नदीकाठची सगळी घरं एकामागून एक हिरवी झाली. एक अक्षरही न बोलता सगळा गाव सुरक्षित! हा सूर्य आणि हा जयद्रथ.

सौमित्रनं पडदा बंद केला. मग म्हणाला, "माझी आईपण असंच करते गं." आणि तरीही पुढं म्हणाला की उद्घाटनाचा कार्यक्रम ठरलाय, पाहुण्यांना बोलावलंय, आत्ता सुरू करू, नंतर सुधारू.

"मी 'तयार आहे' असं लिहून देणार नाही," शिवांजली म्हणाली.

"तू न लिहिलंस तर सुरूच करता येणार नाही."

"म्हणूनच."

सौमित्रनं तिला समजावलं, मग आवाज चढवला. तेव्हा तिचं शुद्ध बोलणं सुटलं. "त्यो म्हातारा परत पत्र्यावर बसंल, आनि आपल्या पडद्यावर हिरवा दिसंल! मग बोटसुदीक कुनी पाठवनार न्हाई, कळतंय का तुमाला?" असं म्हणून ती उठून घरी आली. नोकरीत पक्की झालेली नव्हती. रडत नव्हती, पण पोळ्या मात्र तिनं अशा लाटल्या की पोळपाट हलत होता.

मला तिचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली. नोकरी गेली असती तर खोली सोडून वडूजला गेली असती, आणि माझ्या भावाची बाजू घेणारं त्या ऑफिसात कोणी उरलं नसतं. अडचण अशी होती, की नुसतं नको म्हणून भागणार नव्हतं. मग काय विचारायचं लोकांना? 'कळलं का?' व्हय. 'निघालात का?' व्हय. प्रत्येक प्रश्न ती खोट्या तात्याबाला विचारायची आणि प्रत्येकाला तो पुरून उरायचा.

वडिलांना फोनवर तिनं हे सांगितलं, गाऱ्हाणं म्हणून. मी ऐकत होतेच. आकाराम पलीकडून खेकसले, "आगं, पहाऱ्यावरचा संत्री रात्री कुनी आलं तर 'तू आपला मानूस हाईस का' असं इचारतो व्हय? मग शत्रूबी व्हय म्हनंल. 'थम, कौन आता है' म्हनत्यात. नाव सांगावं लागतं."

शिवांजलीच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. व्हय म्हणून भागणारच नाही असा प्रश्न. कोण, कुठं, किती.

"म्हसरं कुठं नेताय," मी म्हटलं. आमच्या गावात पुरात माणसाला कुणी तू कुठं चाललास असं विचारत नाही. जनावरं जिथं, माणूस तिथं.

"आणि तरीही 'व्हय'च म्हणाले तर?"

"तर कॉल लागलाच नाही असं धरायचं," मी म्हटलं, आणि माझी जुनी कटकट सुरू केली. आमच्या वेळी पी.पी. कॉल असायचा. ज्याच्या नावानं कॉल, तोच माणूस फोनवर आला पाहिजे. घरातल्या दुसऱ्या कुणी हजार वेळा हॅलो म्हटलं, तरी आम्ही कॉल लागला असं लिहीत नव्हतो. आणि ज्याच्या घरी फोन नाही तो शेजाऱ्याचा पी.पी. नंबर द्यायचा. शेजारी धावत जाऊन त्याला बोलावून आणायचा, अर्ध्या दाढीनिशी का होईना. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि शेजारी गेला.

ती तशीच उठली. पोळी तव्यावर करपली. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेली आणि तिनं आणि सौमित्रनं मिळून ते सगळं बदललं. तो चिडला होता तो तिच्यावर नव्हे, तारखेवर. कार्यक्रम त्यानंच पुढं ढकलला. आता फोन विचारतो, म्हसरं कुठं नेताय? शाळा, माळ, पाव्हण्याकडे, असं यादीतलं एखादं ठिकाण सांगितलं तर हिरवं. 'व्हय' किंवा दुसरं काही म्हटलं तर लाल, आणि लगेच त्या घराच्या पी.पी. शेजाऱ्याला फोन. त्यानं जाऊन समोर उभं राहायचं. तात्याबाचा पी.पी. म्हणजे बिराप्पा, मळीच्या वरच्या अंगाला राहणारा, त्याचा लहानपणापासूनचा भांडणाचा सोबती.

शाळेतल्यासारखी बोलणारी बाईही काढून टाकली. 'सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे' हे पाण्यात उभं राहून कोण ऐकणार? शिवांजली म्हणाली, मावशी, आवाज तुमचा द्या. मी आढेवेढे घेतले, मग लुगड्याचा पदर खोचून त्यांच्या ऑफिसात, हळदीच्या वासात, पुन्हा एकदा हेडफोन लावला. "पानी वाढतंय. मळी सोडा. म्हसरं कुठं न्हेताय ते सांगा." इतक्या वर्षांनी माझा आवाज कुणाला तरी हवा होता. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

मे महिन्यात, सगळ्यांना आधी सांगून, शिवांजलीचा सांगलीचा खोटा पूर गावावर सोडला. पाणी खोटं, फोन खरे. लोकांनी नीट उत्तरं दिली. तात्याबा म्हणाला, "व्हय." पडदा लाल झाला, बिराप्पा धावत मळीवर गेला, आणि दोघं तिथं ऊन कलेपर्यंत भांडले, की मला बोलवायला तुला कुणी पाठवलं. व्यवस्था चालली. पण माझ्या मनातली धाकधूक जाईना. पाणी खरं असेल तेव्हा बिराप्पाची वाट तरी उघडी असेल का?

ऑगस्टात खरं पाणी आलं. नेहमीसारखंच, उन्हात. दुपारी वाळवणाकडे बघत मी खिडकीत बसले होते आणि मोबाइल वाजला. शिवांजली.

"मावशी, तात्यांना फोन गेला. खरा."

"काय म्हणाला?"

"लाल झालंय. उत्तर यादीत नाही. बिराप्पा निघालेत."

 मी म्हटलं, व्हयच म्हणाला असणार मेला. ती म्हणाली, "तुम्ही ऐका." आणि तिनं ते नोंदलेलं बोलणं लावलं.

आधी माझा आवाज. पानी वाढतंय. मळी सोडा. म्हसरं कुठं न्हेताय ते सांगा. मग शांतता, म्हशीचं रेकणं, आणि मग तात्याबा, "कोन? लीली व्हय?"

मला कुणी लीली म्हणून वर्षं झाली. यंत्रानं नियमाप्रमाणं प्रश्न पुन्हा विचारला, माझ्याच आवाजात. म्हसरं कुठं न्हेताय?

"वडूजला न्हेतो म्हनावं!" तात्याबा ओरडला. "त्या बिनपान्याच्या पोरीच्या दारात बांदतो. तितं पूर येत न्हाई!" आणि फोन कट.

शिवांजली फोनवर हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. माझं मला कळत होतं, मी रडत होते. पण चेष्टा केली म्हणजे माणूस निघाला असं होत नाही. आम्ही दोघीही फोन न ठेवता तशाच बसून राहिलो, बिराप्पाची वाट बघत. शेवटी त्याचं बोलणं तिच्याकडे आलं आणि तिनं ते मला ऐकवलं.

"गोटा मोकळा हाय," बिराप्पा धापा टाकत सांगत होता. "दोनी दावी सुटल्यात, खुट्याला लोंबत्यात. गडी म्हसरं घिऊन माळाच्या वाटंला लागलाय. मला बगून शिव्या दिल्या, बाई. सांगितलं की एकदा, म्हनला, परत कशाला इचारताय."

संध्याकाळी मळीवर पाणी आलं. गोठ्यात, खुंट्यापर्यंत, मग पत्र्यापर्यंत. दावी मोकळीच होती.

शिवांजली चार दिवसांनी घरी आली, डोळे लाल, अंगाला हळदीचा वास. जेवली, झोपली, उठली आणि लॅपटॉप उघडून बसली. मी विचारलं, आता काय राहिलंय? ती म्हणाली, यादीत एक गाव घालायचं राहिलंय. तिच्या त्या खोट्या तात्याबाला आता दोन उत्तरं येतात. पहिलं 'व्हय', ते आलं की अजूनही लाल होतं आणि शेजारी धावतो. दुसरं 'वडूज', आणि ते आलं की पडदा हिरवा होतो.